डॉक्टरांना रुग्णाने भेट द्यावी का? गोव्यातील अनुभव आणि नियम

म्हादईकाठ (धागाकर्ता)

सत्तरी तालुक्यात आमचे लहानसे कुळागर (माड-पोफळींची बाग) आहे. वडिलांच्या हृदयावर काही महिन्यांपूर्वी सरकारी इस्पितळात शस्त्रक्रिया झाली. ते आता पूर्वीसारखे हिंडूफिरू लागले आहेत आणि मानकुराद आंबे उतरू लागताच पहिली करंडी शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांच्या घरी पोचवायची, असे त्यांनी ठरवून टाकले आहे. ज्याने जीव वाचवला त्याच्यासमोर रित्या हाताने जायचे कसे, हा त्यांचा प्रश्न आहे आणि त्यांच्या पिढीच्या दृष्टीने तो रास्तही आहे. माझ्या शिक्षिका बहिणीचे म्हणणे याच्या उलट आहे. सरकारी डॉक्टरांना सरकार वेतन देते, शस्त्रक्रियेसाठी आपल्याकडून कोणी काही मागितले नाही, आणि पुढच्या तपासण्यांसाठी वडिलांना त्याच डॉक्टरांकडे जायचे आहे. अशा वेळी घरी करंडी पोचवणे म्हणजे पुढची सोय करून ठेवण्यासारखे होईल, असे तिला वाटते.

दोघांचेही ऐकल्यावर माझ्या मनात राहिला तो वडिलांच्या शेजारच्या खाटेवरचा रुग्ण. तो परराज्यातून मजुरीसाठी आलेला गृहस्थ होता आणि त्याच डॉक्टरांनी त्याच्यावर तितक्याच काळजीने उपचार केले. त्याच्याकडे कुळागर नाही. पुढच्या तपासणीला आम्ही आणि तो एकाच बाकावर बसलेले असू, तेव्हा आमच्या करंडीमुळे काही फरक पडेल का? डॉक्टर मनापासून 'नाही' म्हणतील आणि ते खरेही असेल. पण त्या गृहस्थाला तसे वाटेल का, याचे उत्तर मला देता येत नाही.

औषध कंपन्यांकडून डॉक्टरांना मिळणाऱ्या भेटी हा वेगळा आणि मोठा विषय आहे. इथे मला रुग्ण आणि डॉक्टर यांच्यापुरतीच चर्चा हवी आहे. नियम काय सांगतात, आणि या व्यवसायातील मंडळींनी स्वतःसाठी कोणत्या मर्यादा घालून घेतल्या आहेत, हे जाणून घ्यायला आवडेल.

निवृत्त वैद्यकीय अधिकारी

माझी नोकरी मुख्यतः डिचोली, सत्तरी आणि पेडणे तालुक्यांतील प्राथमिक आरोग्य केंद्रांत झाली. तिथे भेटवस्तू म्हणजे अळसांद्यांची पुरचुंडी, मोयरी केळ्यांचा फणा, गावठी अंडी, चवथीच्या आधी नारळ आणि तवशी, चवथीनंतर नेवऱ्या, नाताळात दोदोल किंवा बेबिंकचा तुकडा. या वस्तूंना बाजारात फार किंमत नव्हती, पण देणाऱ्याच्या घरात होती. जिच्या घरी कोंबड्या तीन आहेत ती बाई अंडी घेऊन येते, तेव्हा ती आपल्या मुलांच्या ताटातले काढून आणते, ही जाणीव मला नेहमी असे.

सर्वप्रथम मी भेट कधी आली ते पाहत असे. बाळंतपणाची तारीख जवळ आलेली असताना आलेली भेट आणि आई व मूल सुखरूप घरी गेल्यावर आलेली भेट या माझ्या लेखी दोन निराळ्या गोष्टी होत्या, मग दोन्हींत नारळच का असेनात. पहिलीत भीती असते. ती भेट स्वीकारली की त्या भीतीला आधार होता असे आपणच मान्य केल्यासारखे होते. म्हणून ती मी त्याच वेळी, इतरांच्या देखत नव्हे तर बाजूला नेऊन, परत करत असे आणि 'काही न देताही तुमचे बाळंतपण आम्ही तितक्याच काळजीने करू' असे स्पष्ट शब्दांत सांगत असे. नुसते 'नको' म्हटले तर माणसे समजतात की भेट कमी पडली.

दुसरी गोष्ट, भेटीसोबत काही मागणे येते का. भाजीच्या पिशवीपाठोपाठ आजारपणाच्या खोट्या दाखल्याची विनंती आल्याचे मी पुष्कळदा पाहिले आहे. असा दाखला देणे हे २००२ च्या व्यावसायिक आचारसंहितेनुसार गैरवर्तन आहे आणि त्यासाठी डॉक्टरचे नाव नोंदवहीतून काढले जाऊ शकते.

ही आचारसंहिता तत्कालीन भारतीय वैद्यकीय परिषदेची आहे आणि आजही तीच लागू आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये नवे नियम काढले होते, परंतु त्याच महिन्यात ते स्थगित झाले आणि २००२ चे नियम पुन्हा अमलात आले. त्यातील ६.४ हे कलम रुग्ण पाठवण्याच्या बदल्यात कोणतीही भेट, दलाली किंवा बक्षीस देण्याघेण्यास मनाई करते. डिसेंबर २००९ मध्ये त्यात ६.८ हे कलम आले. ते औषध कंपन्यांकडून मिळणाऱ्या भेटी, प्रवास आणि आदरातिथ्य यांच्याविषयी आहे, आणि २०१६ मध्ये त्यात भेटीच्या रकमेनुसार शिक्षाही ठरवून दिल्या गेल्या. बऱ्या झालेल्या रुग्णाने स्वखुशीने दिलेल्या भेटीसाठी मात्र असे स्वतंत्र कलम नाही. तिथे डॉक्टरला स्वतःच्या विवेकावर सोडलेले आहे.

त्याच आचारसंहितेतील एका तरतुदीकडे मी सर्वांचे लक्ष वेधू इच्छितो, कारण ती या चर्चेच्या गाभ्याशी जाते. 'गुण आला तरच पैसे' अशा कराराने रुग्ण घेणे हे तिथे अनैतिक ठरवलेले आहे. याचे कारण उघड आहे: डॉक्टरचे कर्तव्य प्रयत्नांशी बांधलेले आहे, परिणामांशी नाही. आता भेटींकडे पाहा. ज्यांचा माणूस वाचतो ते करंडी घेऊन येतात. ज्यांचा माणूस रात्रभर झटूनही वाचत नाही, ते मृतदेह घेऊन मुकाट्याने निघून जातात, आणि त्या रात्री डॉक्टरने, परिचारिकेने किंवा रुग्णवाहिकेच्या चालकाने केलेले श्रम पहिल्या घरच्या श्रमांपेक्षा कमी नसतात, बहुतेकदा जास्तच असतात. यशाच्या भेटींची एखाद्या तरुण डॉक्टरला सवय लागली, तर अवघड आणि हाताला यश न देणाऱ्या रुग्णांकडे तो हळूहळू कमी ओढीने पाहू लागेल, ही मला या प्रथेतील सर्वांत मोठी भीती वाटते.

वकील, फोंडा

डॉक्टर सरकारी असतील तर वैद्यकीय आचारसंहितेखेरीज सेवानियमही लागू होतात. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ गोवा सरकारच्या कर्मचाऱ्यांनाही लागू आहेत आणि त्यांतील १३ वा नियम भेटींविषयी आहे. तो केवळ वस्तूंपुरता नाही; मोफत प्रवास, निवास, भोजन किंवा अन्य सेवा यांचाही समावेश भेटीत होतो. प्रसंगाने झालेले एखादे जेवण, गाडीतून कोणी सोडणे अशा साध्या सामाजिक गोष्टी मात्र भेट मानल्या जात नाहीत. नातेवाईक आणि निकटचे स्नेही सोडून इतरांकडून अ आणि ब गटातील अधिकाऱ्याला शासनाच्या परवानगीशिवाय पाच हजार रुपयांहून अधिक किमतीची भेट घेता येत नाही.

म्हादईकाठ यांच्या वडिलांच्या करंडीच्या बाबतीत ही मर्यादा अगदी काल्पनिक नाही. हंगामाच्या तोंडावर मानकुरादाचा डझनाचा भाव काही हजारांवर असतो आणि मे महिना सरता सरता तो काही शेकड्यांवर येतो. एकाच झाडाची फळे एका महिन्यात नियमाबाहेर जातात आणि दुसऱ्या महिन्यात नियमात बसतात. यावरून एवढेच समजावे की रकमेची मर्यादा ही किमान शिस्त आहे. मर्यादेत बसलेली प्रत्येक भेट योग्य असे तिचे म्हणणे नाही.

याखेरीज भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम, १९८८ आहे. २०१८ च्या दुरुस्तीनंतर त्यात 'अनुचित लाभ' ही संकल्पना आली असून तो लाभ पैशाच्या किंवा पैशात मोजता येण्याजोग्या स्वरूपाचाच असावा लागत नाही. सार्वजनिक कर्तव्य अप्रामाणिकपणे किंवा अयोग्य रीतीने करण्यासाठी लाभ घेणाऱ्या लोकसेवकाला तीन ते सात वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो आणि त्यासाठी लाभ देणाराही अपराधी ठरतो. उपचार उरकल्यावर, काही न मागता, उघडपणे दिलेली आंब्यांची करंडी या व्याख्येत येत नाही. परंतु रांग मोडून तपासणी मिळावी, शस्त्रक्रियेची तारीख अलीकडे यावी, खाट आधी मिळावी म्हणून दिलेली लहानशी वस्तूही येऊ शकते. इथे वस्तूच्या मोलापेक्षा हेतूला महत्त्व आहे.

मुंडकाराचा नातू

वरील दोन्ही प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहेत, परंतु गोव्यात या प्रश्नाला एक जुना पदर आहे, तो कायद्याच्या भाषेत नीट उतरत नाही.

माझे आजोबा मुंडकार होते, म्हणजे त्यांचे घर भाटकाराच्या (जमीनदाराच्या) जमिनीत होते, आणि सणासुदीला पहिले फळ, परसातली भाजी, प्रसंगी कोंबडा घेऊन भाटकाराच्या दारात जाण्याची रीत होती. कोणी ते मागत नसे. मागण्याची गरजच नव्हती, कारण न नेण्याचे परिणाम काय होऊ शकतात हे सर्वांना ठाऊक होते. त्या भेटींत प्रेम मुळीच नव्हते असे मी म्हणणार नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या सहवासात जिव्हाळाही असतो. पण त्यातले किती प्रेमाचे आणि किती भीतीचे, हे नेणाऱ्यालाही सांगता आले नसते. १९७५ च्या मुंडकार संरक्षण कायद्याने घरातून हुसकून लावले जाण्याची भीती बरीच कमी केली. मोठ्या माणसासमोर रित्या हाताने उभे राहू नये, ही शिकवण मात्र आमच्या घरांतून गेली नाही. तिने केवळ दार बदलले.

पोर्तुगीज राजवटीत १८४२ साली पणजीत वैद्यकीय शाळा सुरू झाली. पुढे तिचेच आजचे बांबोळीचे गोवा मेडिकल कॉलेज (गोमेकॉ) झाले. त्या शाळेत शिकून डॉक्टर होणारे पुष्कळजण सधन, जमीनदार घरांतले असत. म्हणजे गावातला 'दोतोर' आणि गावातला भाटकार हे अनेकदा एकाच दिवाणखान्यात बसणारे होते. आज परिस्थिती पालटली आहे, आमच्यासारख्या घरांतली मुलेही डॉक्टर झाली आहेत. पण माझी आई मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी पिशवीत नारळ भरू लागली, तेव्हा मी कारण विचारले. 'ते काही म्हणणार नाहीत, पण आपण नेलेले बरे,' असे ती म्हणाली. हेच वाक्य आजोबा भाटकाराबद्दल म्हणत असत.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की, खाली असलेल्याने वर असलेल्याला द्यायच्या भेटीची जबाबदारी देणाऱ्यावर टाकू नये. रुग्णाला 'भेट देऊ नका' असे शिकवण्यात अर्थ नाही. भेट न देणाऱ्याचेही काही बिघडत नाही, हे दाखवून देण्याचे काम डॉक्टरांचे आणि इस्पितळाचे आहे.

रात्रपाळी

मी परिचारिका आहे. शस्त्रक्रिया होते चार तासांची, आणि त्यानंतरचे दिवस आणि रात्री रुग्ण आमच्याकडे असतो. जखमेची मलमपट्टी, लघवीची पिशवी रिकामी करणे, रात्री तीन वाजता घाबरून उठलेल्या रुग्णाजवळ थांबणे, मलमूत्र साफ करणे, ही कामे परिचारिका, मदतनीस आणि सफाई कर्मचारी करतात. भेट मात्र केबिनमध्ये जाते. मी हे भेटीच्या अपेक्षेने लिहीत नाही. कृतज्ञतेची वाट समाजातल्या दर्जाच्या चढणीने वर जाते, एवढे म्हादईकाठ यांच्या वडिलांच्या लक्षात यावे म्हणून लिहीत आहे.

दुसरी बाजूही मला लिहिलीच पाहिजे. पूर्वी मी जिथे काम करत होते त्या इस्पितळात प्रसूतिकक्षाबाहेर मूल दाखवायला नेताना काही कर्मचारी नातेवाइकांकडून पैसे घेत असत. मुलगा झाला तर रक्कम वाढे. 'आनंदाने देतात' असे समर्थन होते. आनंदाने देणारेही होते, पण मुलगी झालेल्या एका गरीब आजीला कनवटीचे पैसे मोजताना मी पाहिले आहे, आणि तो आनंद नव्हता. आम्ही काहीजणींनी लेखी तक्रार केली, तेव्हा कुठे ते काही काळ थांबले. मागितली गेली की ती भेट राहत नाही, मग मागणारा पाचशे मागो की गोड बोलून पन्नास.

वकील, फोंडा

रात्रपाळी ताईंनी लिहिलेल्या प्रसंगासंबंधी एक गोष्ट रुग्णांच्या नातेवाइकांना ठाऊक असावी. सरकारी इस्पितळात अशी रक्कम देणे कोणाला भाग पाडले गेले असेल, तर त्या व्यक्तीने सात दिवसांच्या आत पोलिसांकडे किंवा तपास यंत्रणेकडे कळवल्यास देणाऱ्यावरचा अपराध लागू होत नाही, अशी तरतूद २०१८ च्या दुरुस्तीतच आहे. आपणही अडकू, या भीतीने पुष्कळ लोक गप्प बसतात.

स्विंडनवासी

मूळचा सासष्टीचा, आता इंग्लंडमध्ये स्विंडन इथे राहतो. आमच्या शहरात गोव्याचे लोक पुष्कळ आहेत आणि तेही इथल्या डॉक्टरांना नाताळात बेबिंक नेऊन देतात, म्हणून इथली व्यवस्था सांगतो. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेने २०१७ मध्ये हितसंबंधांविषयी मार्गदर्शक सूचना लागू केल्या. त्यांनुसार रोख रक्कम किंवा खरेदीचे कूपन कर्मचाऱ्याने कधीही स्वीकारायचे नाही, भेट मागायची नाही, आणि पन्नास पौंडांहून अधिक किमतीची भेट आलीच तर ती व्यक्तिशः न घेता संस्थेच्या धर्मादाय निधीसाठीच घ्यायची. त्याहून लहान भेट नोंदवण्याचीही गरज नसते. यामुळे चॉकलेटचा डबा घेताना परिचारिका संकोचत नाही आणि मोठे पाकीट नाकारताना डॉक्टरला रुग्णाचे मन मोडल्यासारखे वाटत नाही, कारण नकार त्याचा नसून नियमाचा असतो. हंगेरीत सरकारी डॉक्टरांच्या हाती पाकिटे देण्याची प्रथा दशकानुदशके इतकी रुजली होती की अखेर जानेवारी २०२१ पासून तिला फौजदारी गुन्हा ठरवावे लागले, आणि त्याच वेळी डॉक्टरांचे वेतनही बरेच वाढवले गेले. प्रथा वेळीच आवरली नाही तर काय होते, याचे ते उदाहरण आहे.

साळनदी

दक्षिण गोव्यात माझा खासगी दवाखाना आहे. इथे सर्वांनी भेटीच्या धोक्यांविषयी लिहिले आणि त्यातले बहुतेक मला मान्य आहे. तरी नकाराचाही एक धोका असतो.

काही वर्षांपूर्वी एक वृद्ध मच्छीमार माझ्याकडे मधुमेहासाठी येऊ लागले. त्यांच्या पायाची जखम चिघळली होती आणि पाय जाण्याची शक्यता होती. जखम भरली, पाय वाचला. त्यानंतर एका सकाळी ते केळीच्या पानात गुंडाळलेली ताजी इसवण (सुरमई) घेऊन आले. मी त्या काळात सर्व भेटी सरसकट नाकारत असे, म्हणून ती मी नाकारली असती, पण त्यांचा चेहरा पाहून थांबलो. या गृहस्थांनी अनेक महिने माझ्यासमोर पाय उघडा करून, जखमेच्या दुर्गंधीबद्दल क्षमा मागत, केवळ घेणाऱ्याच्या भूमिकेत दिवस काढले होते. त्या दिवशी ते प्रथमच माझ्यासमोर देणारे म्हणून उभे होते. आजार माणसाकडून जे हिरावून घेतो त्यात स्वाभिमानही असतो, आणि तो परत मिळवण्याचा त्यांना सुचलेला मार्ग ती इसवण होती. ती मी घेतली, त्यांच्यासमोर आमच्या परिचारिकेला आणि औषधविक्रेत्यालाही वाटून दिली, आणि त्या दिवशीची तपासणी फी नेहमीसारखीच घेतली. फी माफ केली असती तर त्यांच्या भेटीचा मोबदला झाला असता.

मी पाळत असलेल्या मर्यादा सांगतो. रोख रक्कम आणि सोने कधीही नाही. घरी आणलेली भेट नाही, कारण घरी येणाऱ्या रुग्णाचा माझ्याशी व्यक्तिगत संबंध जुळतो आणि पुढे त्याला कटू गोष्ट सांगणे अवघड होते. दारू सोडण्यासाठी उपचार घेत असलेल्या रुग्णाच्या घरून आलेली दारू नाही, मग ती कितीही चांगली ऊर्राक किंवा काजूची फेणी असो. ती घेतल्यास उपचारालाच बाधा येते. मनोरुग्णांवर उपचार करणारे माझे सहकारी तर भेट स्वीकारण्याआधी रुग्णाशी त्या भेटीविषयीच बोलतात, कारण तिच्यामागे निरोप, भीती किंवा परावलंबन यांपैकी काहीही असू शकते.

म्हादईकाठ, आपल्या वडिलांना थेट 'आंबे देऊ नका' असे सांगू नये. त्यांना देण्याची जी ओढ आहे, तिच्यामुळे ते बरे होत आहेत.

तिळारी

आम्ही दोडामार्गचे. जवळचे मोठे इस्पितळ म्हणजे बांबोळी, त्यामुळे सिंधुदुर्गातील असंख्य कुटुंबे गोमेकॉवर अवलंबून आहेत. २०१८ पासून गोव्याबाहेरच्या रुग्णांना तिथे शुल्क भरावे लागते. त्याबद्दल माझी तक्रार नाही, गोव्याच्या लोकांच्या करांतून ते इस्पितळ चालते. परंतु बाहेरून आलेला माणूस आधीच मनात ओशाळलेला असतो. आपण दुसऱ्याच्या घरचे खात आहोत असे त्याला वाटत राहते, आणि म्हणून काजूगर किंवा कोकम सर्वांत आधी आमच्याच पिशवीतून बाहेर येते. मुंडकाराचा नातू यांनी लिहिले ते आम्हांला अगदी तंतोतंत लागू होते. जो जितका परका आणि दुबळा, तो तितक्या लवकर भेट काढतो.

म्हादईकाठ (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. इथले प्रतिसाद मी वडिलांना वाचून दाखवले. मृत रुग्णाच्या घरून कोणी काही आणत नाही, हे ऐकून ते बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि परिचारिकांविषयी वाचल्यावर वॉर्डातील कोणी काय केले ते स्वतःच एकेक करून सांगू लागले. रात्री कुशीवर वळवणारा मदतनीस, खोकताना छातीशी उशी धरायला शिकवणारी परिचारिका यांची नावे त्यांना आठवत होती.

आमचे घरात असे ठरले आहे. डॉक्टरांच्या घरी काहीही न्यायचे नाही. वडील स्वतःच्या हाताने इस्पितळाच्या वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे पत्र लिहीत आहेत, आणि त्यात डॉक्टरांबरोबर या सर्वांची नावे व त्यांनी नेमके काय केले ते येणार आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी लागलेले रक्त अनोळखी माणसांनी दिलेले होते, म्हणून मी आणि माझे दोन चुलतभाऊ रक्तपेढीत जाऊन रक्तदान करणार आहोत. आंबे मे महिन्यात, भाव उतरल्यावर, वॉर्डातल्या सर्वांसाठी न्यायचे; पुढची तपासणी ज्या दिवशी असेल त्या दिवशी न्यायचे नाहीत. यात काही चुकत असल्यास जरूर सांगावे.

एक शंका मात्र उरली आहे. आमच्या वाड्यावरील एक जण आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातो. उपचार संपल्यानंतर दिलेली भेट योग्य, असे इथे अनेकांनी म्हटले, पण त्याचे उपचार संपणारच नाहीत. त्याने काय करावे?

रात्रपाळी

पत्राविषयी एक विनंती. नावे आणि तारखा स्पष्ट लिहाव्यात आणि एक प्रत वॉर्डाच्या प्रमुख परिचारिकेकडेही द्यावी. मदतनीस आणि सफाई कर्मचारी यांच्यापैकी कित्येकजण कंत्राटी असतात; त्यांच्या कामाविषयी कागदावर चांगले असे सहसा कोणी लिहीत नाही.

निवृत्त वैद्यकीय अधिकारी

डायलिसिसचा प्रश्न आपण विचारलात हे बरे झाले, कारण 'आधी' आणि 'नंतर' हा माझा निकष तिथे लंगडा पडतो. तिथे रुग्णाला दर खेपेला त्याच तंत्रज्ञाच्या हाती आपला हात द्यायचा असतो, सुई नीट लागावी एवढीच त्याची इच्छा असते, आणि पहाटेची पाळी मिळाली तर दिवसाची मजुरी वाचते. म्हणजे देण्याला कारण रोजच आहे आणि देणाऱ्याची कोंडीही रोजची आहे.

अशा रुग्णाने वर्षातून एखाद्या सणाला, चवथ असो वा नाताळ, युनिटमधल्या सर्वांसाठी आणि आपल्या पाळीतील इतर रुग्णांसाठीही खाण्याचा पदार्थ आणला, तर मी त्याला हरकत घेणार नाही. एकट्या तंत्रज्ञाच्या किंवा डॉक्टरच्या हाती स्वतंत्रपणे काही देऊ नये, आणि त्यांनी ते घेऊही नये. पण खरी व्यवस्था रुग्णाच्या हातात नाही. कोणत्या रुग्णाला कोणती पाळी, आणि ती कोणत्या क्रमाने मिळाली, याचा तक्ता युनिटच्या बाहेर सर्वांना दिसेल असा लावलेला असेल, आणि पाळी बदलण्याची विनंती तोंडी न घेता वहीत नोंदवली जात असेल, तर पदार्थाचा डबा आला काय आणि न आला काय, पहाटेची खुर्ची कोणाची ते तक्त्यावरच ठरलेले असते. आपल्या वाड्यावरील गृहस्थ जिथे जातात तिथे असा तक्ता लावलेला आहे का, हे त्यांना विचारून पाहावे; नसेल तर तो लावण्याची लेखी मागणी रुग्णांनी मिळून करता येईल, आणि मसुदा तयार करायला मी मदत करीन.

वकील, फोंडा

त्या मागणीचा मसुदा झाल्यावर मलाही पाठवावा. माहितीच्या अधिकाराखाली प्रतीक्षायादी कोणत्या क्रमाने चालते याची विचारणाही सोबत करता येईल. इतर रुग्णांची नावे न मागता केवळ क्रम आणि तारखा मागाव्यात.